नव्याच्या सणाला अडलेली गाय

बारामती तालुक्यात आमच्या धर्माचं एकच घर आहे, आणि त्या घरात मी आणि माझी बायको रिबका, असे दोघंच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तिकडे आम्हाला शनवारतेली म्हणत. नोकरीच्या सुरुवातीला हे सगळं मी भेटेल त्याला नीट समजावून सांगायचो. पुढे दमलो. माझं नाव सॅम्युअल. आमच्या पिंपळी गावच्या लोकांनी त्याचं शामराव केलं, केस पिकल्यावर शामतात्या केलं, आणि तात्या शनिवार पाळतात म्हणजे मारुतीचे भक्त असणार, असं आपापसांत ठरवूनही टाकलं. मी विरोध केला नाही. मारुतीचं आणि माझं कधीच वाकडं नव्हतं.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या खाली आणि शिपायाच्या वर जो माणूस असतो, तो मी. डॉक्टर एक आणि गावं पुष्कळ, त्यामुळे लस टोचणं, कृत्रिम रेतन, जखमेतले किडे काढणं, शेळ्यांना जंताचं औषध पाजणं ही कामं आमच्या वाट्याला येतात. निम्मी नोकरी इंदापूरकडे झाली, निम्मी इकडे. गावात सगळे आम्हाला डॉक्टरच म्हणतात. खरे डॉक्टर समोर असले की तेवढ्यापुरते म्हणत नाहीत.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. वडगाव निंबाळकरचे एक गृहस्थ आजार सांगत बसायचे नाहीत, सरळ फोन म्हशीच्या तोंडाजवळ धरायचे. "ऐका तुमीच, कशी धापा टाकतीया." मी ऐकायचो. एकदा धाप फारच जोराची वाटली म्हणून गाडीला किक मारून तडक गेलो, तर म्हैस निवांत रवंथ करत बसलेली. गोठा शेताच्या टोकाला, फोन घरी चार्जिंगला, तो घेऊन हे गृहस्थ पळत आले होते. धाप त्यांचीच होती. तरी आलोच आहे तर म्हणून म्हशीला तपासलं आणि चहा पिऊन आलो.

अलीकडे प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारायचं काम आलं. पक्कड घ्यायची, कानाच्या मधोमध धरायची, दाबायची, नंबर मोबाईलमध्ये भरायचा. काम सोपं, पण मला एक खोड होती. बिल्ला मारण्याआधी मी जनावराचं नाव विचारायचो. मोबाईलमध्ये नावाची जागाच नव्हती, तरी विचारायचो. सोबतचे लोक वैतागायचे.

खोड वडिलांमुळे लागली. ते शाळामास्तर. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की आम्हा भावंडांना गोष्टी सांगायचे. देवानं आदाम, म्हणजे पहिला माणूस, घडवायचं ठरवलं तेव्हा देवदूतांनी नाकं मुरडली. कशाला हवा हा माणूस? मग देवानं सगळी जनावरं देवदूतांसमोरून नेली आणि यांची नावं सांगा म्हणाला. देवदूत गप्प. तीच जनावरं आदामासमोर आणली, तर तो धडाधडा सांगत सुटला, हा बैल, हे गाढव, हा घोडा, हा उंट. देवानं विचारलं, आणि तुझं नाव काय? आदाम म्हणाला, मी मातीचा, म्हणून आदाम. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत मातीला अदामा म्हणतात. शेवटी देवानं विचारलं, मग माझं नाव काय? आदाम म्हणाला, तू सगळ्यांचा धनी. इथं वडील थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. देवाला स्वतःचं नाव माणसाला विचारावंसं वाटलं, याचं मला लहानपणी नवल वाटायचं, आजही वाटतं.

तर मी नाव विचारायचो, आणि एवढ्या वर्षांत बिननावाची गाय मला एकाही घरात भेटली नाही. चंद्री, तांबू, हरणी, मैना. एका गाईचं नाव पेन्शन होतं. काटेवाडीत एका सुनेनं मात्र माझा हात धरून मला गोठ्याबाहेर नेलं. "नाव हाय, पर हितं नगं इचारू," ती कुजबुजली. "सासूबाईंचं न् हिचं एकच हाय. मीच ठिवलंय." मी गंभीर चेहऱ्यानं आत गेलो आणि बिल्ला मारला.

आता नव्याचा सण. आमचं वर्ष ज्या दिवशी सुरू होतं त्याला आम्ही बेने इस्राएल नव्याचा सण म्हणतो. पावसाळा सरत आलेला असतो, ऊस डोक्यावर गेलेला असतो, त्या सुमाराला तो येतो. आमच्या परंपरेप्रमाणे तो माणसाचा वाढदिवस. उजेड, पाणी, झाडं, मासे, पाखरं, गुरं सगळं आधी झालं, आणि शेवटी या दिवशी आदाम झाला. शेवटी का? वडील म्हणायचे, माणसाला गर्व झालाच तर सांगता यावं, की बाबा रे, ते चिलटसुद्धा तुझ्या आधीचं आहे. मी जन्मभर गोठ्यात वावरलो, चिलटांनी मला याचा विसर पडू दिला नाही.

त्या दिवशी काय काय झालं हेही आमच्याकडे सांगतात. पहाटे देवानं पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांतून धूळ गोळा केली. काळी, तांबडी, पांढरी, पिवळी. माणूस कुठेही मेला तरी तिथल्या मातीनं 'तू माझा नव्हेस' म्हणू नये, म्हणून चारी कोपऱ्यांची. काळी आपल्या बाजूची असणार, असं मी मनाशी धरून चाललोय. मग ती धूळ मळली, हातपाय घडवले, नाकपुड्यांत श्वास फुंकला. आदाम उभा राहिला, जनावरांना नावं दिली, हव्वा आली. आणि संध्याकाळच्या आत नको ते फळ खाऊन, न्यायनिवाडा होऊन, दोघं बागेबाहेरही पडली. सगळं एका दिवसात. माणसाच्या जातीला पहिल्या दिवसापासून दम नाही.

मला यातला एकच क्षण खिळवून ठेवतो. माती मळून झाली आहे, नाक, डोळे, नखं, पापण्या सगळं जागच्या जागी आहे, आणि श्वास अजून यायचा आहे. सगळं आहे आणि काहीच नाही. हे वाचून कळत नाही. ज्यानं व्यालेल्या गाईच्या मागे बसून नुकतं पडलेलं वासरू बघितलंय त्याला कळतं.

निवृत्तीनंतरचा पहिला नव्याचा सण होता. एरवी आम्ही आदल्या दिवशी पुण्याला जायचो आणि तिथल्या प्रार्थनामंदिरात सण करायचो. या दिवशी काम करायचं नाही, गाडीत बसायचं नाही. नोकरीत असताना हे मला अनेकदा जमलं नव्हतं. लसीकरण काही आमचे सण बघून निघत नाही. म्हणून रिबकेनं निवृत्तीच्या दिवशीच माझ्याकडून शब्द घेतला होता, की आता तरी नव्याच्या सणाला जनावराला हात लावायचा नाही. मी आनंदानं दिला होता. त्या वर्षी रिबकेला चार-पाच दिवस ताप होता, म्हणून पुणं रद्द करून पिंपळीतच राहिलो. सकाळी प्रार्थना केली, मध लावून सफरचंद खाल्लं, आणि गोड वर्षाची सुरुवात झाली असं म्हणतोय, तोच दारात मोटरसायकल थांबली.

दत्ता होता, धुळाआबांचा मुलगा. आबांचं धनगराचं घर. पूर्वी मोठा कळप होता, आता थोडा ऊस आणि दावणीला दोन गाई.

"तात्या, चला लवकर. गाय अडलीया."

"डॉक्टरांना फोन केलास?"

"ते तिकडं इंदापूरला हायती. यायला दुपार व्हईल म्हणत्यात. तवर न्हाय टिकायची ती."

"दत्ता, आज माझा सण आहे रे."

"सण आमाला बी येत्यात, तात्या. गाईला कुठं म्हाइत हाय?"

"कुठली गाय?"

"रखमाची. लाडी."

रखमा ही दत्ताची बायको, इंदापूरकडची. लग्नात तिच्या वडिलांनी तिला एक कालवड आंदण दिली होती, ती ही लाडी. पुढे आईवडील दोघंही गेले, भावानं होतं ते विकलं आणि कुठं गेला त्याचा पत्ता नाही. नागपंचमीला गावातल्या लेकीसुना माहेरी जातात, तेव्हा रखमा लाडीला धुऊन, कुंकू लावून तिच्यापाशी बसते. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

रिबका आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमचे वडील काय सांगायचे?" ती म्हणाली. "सणाच्या दिवशी जनावराचं बाळंतपण करायचं नाही, पण हातभार लावायला हरकत नाही. हातभार म्हणजे काय? वासरू खाली पडू द्यायचं नाही. नाकात फुंकर घालायची. सड तोंडात द्यायचा. एवढं आपल्या शास्त्रात बसतं."

"आणि आतून सोडवायचं कोणी?"

"ज्याचा सण नाही त्यानं. तुम्ही सांगा, ते करतील. चला, मीही येते."

तापातून उठलेली बाई डोक्यावर पदर घेऊन निघाली. दत्तानं गाडी वळवली. "बसा मागं."

"चालत येतो."

"तात्या, गाय मरतीया!"

"तू हो पुढं. गरम पाणी, साबण आणि गोडं तेल काढून ठेव."

तो पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा, आमच्या शेजारून पहिल्या गियरमध्ये घरघरत चालायचा, पुन्हा पुढे जायचा. चहाच्या टपरीवरची माणसं बघत राहिली. आबांची वस्ती काही फार लांब नाही, पण ती वाट मला संपता संपेना. नियम पाळताना आपण शहाणे आहोत की येडे, हे त्या वेळी कळायला मार्ग नसतो.

लाडी कुशीवर पडलेली होती. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. पुढचे दोन पाय बाहेर दिसत होते, पण त्यावर नाक हवं, ते नव्हतं. आत वासराची मान मागे वळलेली होती. असं वासरू कितीही ओढलं तरी येत नाही, ओढाल तेवढी गाय फाटते. आधी वासरू मागे ढकलायचं, हात घालून तोंड सरळ करायचं आणि मग बाहेर घ्यायचं. हे मी इतक्या वेळा केलं होतं की माझे हात आपोआप पुढे आले. मी ते पाठीमागे बांधले.

दत्ताचा हात म्हणजे खोऱ्याचा दांडा, शिवाय रक्त बघितलं की तो मटकन खाली बसतो. आबांचे हात कापत होते. "मेंढरं लई सोडवली म्या," ते म्हणाले, "पर आता ह्यो हात मलाच ऐकत न्हाय."

"रखमा," मी म्हणालो, "तुझा हात बारीक आहे. तू घाल."

लाडीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या रखमानं वर बघितलं. "मी? तुमी असताना?"

"आज मला हात लावता येत नाही. मी सांगतो तसं कर."

"असला कसला वो तुमचा द्येव?"

मी रागावलो नाही. त्या क्षणी मलाही तोच प्रश्न पडला होता.

रखमा उठली. उजव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि सवाशिणीनं बांगड्या काढायच्या म्हणून ती जराशी अडखळली. रिबकेनं काही न विचारता तिच्या हाताला साबण लावला, एकेक बांगडी सोडवली, आणि खाली ठेवायला नको म्हणून आपल्याच हातात चढवली. खांद्यापर्यंत तेल लावून रखमा गाईच्या मागे बसली.

"कळ आली की थांब. कळ गेली की छातीवर हात लावून त्याला आत ढकल. हळू. आता मानेवरनं पुढं जा. काय लागतंय?"

"केस… मऊ हाय. ह्यो कान हाय का, तात्या?"

"कानच. त्याच्या पुढं डोळा असेल, त्याला धक्का लावू नको. आणखी पुढं तोंड. तोंडात बोट घाल."

"घातलं."

"काय करतंय?"

तिचा चेहरा बदलला. "चोखतंय," ती म्हणाली. "आबा, माजं बोट चोखतंय त्ये!"

जन्माला न आलेला जीव, अंधारात, जगातली कुठलीच गोष्ट माहीत नसताना, चोखणं मात्र जाणून होता. मी हे पूर्वी शेकडो वेळा माझ्या बोटानं पाहिलं असेल. तपासणीची पद्धत आहे ती, वासरू जिवंत आहे का बघायची. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

"आता जबडा मुठीत धर, आणि तुझ्याकडं वळव."

कळ आली. रखमा ओरडली, हात चेपला जात होता. पकड सुटली. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. लाडीचे डोळे पांढरे होऊ लागले. देवानं नुसता शब्द उच्चारून जग केलं असं आमच्यात म्हणतात. 'उजेड होवो' म्हणाला आणि उजेड झाला. मला जन्मभर वाटत आलं, की हात न मळवता काम झालं तर सोपंच की. तिथं उभा राहून नुसतं सांगत राहणं मला जेवढं जड गेलं, तेवढं कुठलंच काम कधी गेलं नाही.

"न्हाय जमत, तात्या," रखमा रडकुंडीला आली. "हात बधिर झाला. माझ्या हातनं मरंल ही."

मी बाही वर सारली. ज्या बाईला शब्द दिला होता ती समोरच उभी होती. तिनं माझ्या बाहीकडे बघितलं. मग पायानं साबणाची वडी माझ्याकडे सरकवली.

मी वाकलो, आणि तेवढ्यात रखमा किंचाळली. "घावलं! वळलं! नाक आलं, आबा, नाक आलं!"

पायांवर ठेवल्यासारखं काळं, ओलं नाक बाहेर आलं होतं. मग दत्तालाही धीर आला. कळेबरोबर एकदा हा पाय, एकदा तो, असं त्यानं आणि रखमानं ओढलं. मी गुडघ्यांवर बसलो आणि ओंजळ पुढे केली. वासरू पडू द्यायचं नाही, एवढं मला करता येत होतं. ते सरकन माझ्या मांडीवर आलं, गरम आणि गुळगुळीत. कालवड होती. कपाळावर ओल्या केसांचा भोवरा, पापण्या लांब, खूर मेणासारखे मऊ. सगळं जागच्या जागी. आणि श्वास नव्हता.

दत्तानं गवताची काडी दिली, मी ती नाकपुडीत फिरवली. शिंक नाही, काही नाही. मी नाकातोंडातला चिकटा पुसला, तोंड मिटलं, एक नाकपुडी बोटानं दाबली, दुसरीवर ओठ ठेवले आणि फुंकलं. बरगड्या वर आल्या आणि खाली गेल्या. तो माझा श्वास होता, तिचा नव्हता. पुन्हा फुंकलं. पुन्हा. तोंडाला खारट चव लागत होती. नोकरीत मी वासरांना फुंकर घातलेली नाही असं नाही, पण तेव्हा डोक्यात पुढचं गाव असायचं. त्या दिवशी पुढं गावच नव्हतं. माणसाच्या वाढदिवशी, जगातल्या पहिल्या फुंकरीच्या दिवशी, मी एका कालवडीच्या नाकाला तोंड लावून बसलो होतो, आणि मला देवाची भीती वाटत होती. तो रागावेल अशी नव्हे. तो इथंच आहे अशी.

फुंकता फुंकता माझ्या गालाला गरम हवा लागली. मी थांबलो. हवा पुन्हा आली. मी दिलेली नव्हती. कालवडीनं डोकं झटकलं, शिंकली आणि एक डोळा उघडला. आदामानं डोळा उघडला तेव्हा समोर कोण असेल ते असो, हिच्यासमोर चिकट्यानं माखलेला मिशीवाला म्हातारा होता. मला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही मी आवरलं नाही.

पण लाडी उठेना. मान लांब करून तशीच पडून राहिली. रखमा तिच्या कानाशी बसून हाका मारत होती, "लाडे, अगं लाडे." कान हलत नव्हता. आबांनी जवळ येऊन तिच्या पोटावर हात ठेवला आणि मान हलवली. "दमली गं पोरी. आता तिला हाक मारू नगस."

रखमा हाका मारायची थांबली नाही. हातभाराची शेवटची गोष्ट राहिली होती. मी कालवडीला उचलून लाडीच्या कासेपाशी नेलं, सड पिळून चिकाचा थेंब काढला आणि तिच्या तोंडात दिला. तिनं सोडला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा तिनं धरला, आणि ढुशी मारून असं ओढलं की माझी बोटं बाजूला झाली.

लाडीचा कान हलला. घशातून एक हळू, जाडसर हंबर आली. तिनं मान फिरवून मागे बघितलं. मग मागचे पाय रोवले, लटपटली, पुन्हा रोवले, आणि पुढचा एक, मग दुसरा, असं करत उभी राहिली. उभी राहिल्याबरोबर कालवडीला चाटायला लागली.

इतका वेळ डोळ्यांतून टिपूस न काढलेली रखमा तिथंच शेणात बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. खांद्यापर्यंत हात रक्तानं माखलेला. रिबका तिच्याशेजारी खाली बसली, ओल्या फडक्यानं तो हात पुसला आणि आपल्या हातातल्या बांगड्या काढून एकेक करून तिच्या हातात चढवू लागली.

"काकू," रखमा म्हणाली, "माझं म्हायेर उठून हुबं ऱ्हायलं."